चढणीवरचा बाक

शेफील्डमध्ये सपाट असं काही नाही.
ट्रामच्या थांब्यापासून वॉक्लीतलं माझं घर
सव्वातीनशे पावलं वर,
आणि नोव्हेंबरातला वारा समोरून.
शंभराव्या पावलाशी जबडा धरतो.

आधी वाटलं, दाढ.
दातांच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, म्हणाला,
दाढ तुमची माझ्यापेक्षा धडधाकट.
मग वाटलं, पित्त. ओवा, आलं-लिंबू.
आमच्याकडे बायकांच्या छातीत
जे काही होतं ते पित्तच असतं.

डॉक्टर प्रेंटिसनं विचारलं, दुखणं कसं आहे?
तीक्ष्ण, बोथट, जड?
तीन चौकोन. एकात खूण करायची.
कळ म्हणू? कळ येते नि जाते,
ही येऊन बसते.
ठणका नव्हे, ठणक्याला ताल असतो.
चमक नाही, सणक नाही,
भरून येणं म्हणावं, तर ते रडण्याआधीचं.
शेवटी मी दोन्ही हातांनी
हवेतल्या हवेत ओलं लुगडं पिळून दाखवलं.

तिनं पेन खाली ठेवलं.
थांबलात की जातं?
जातं.
जेवून लगेच निघालात तर?
लवकर येतं.
थंडीत?
इथे थंडी सोडून असतं काय!
ती हसली नाही.
कागदावर हृदय काढलं, बटाट्यासारखं,
त्यावर नळ्या, त्यातली एक चिंचोळी.
म्हणाली, बसलेलं असताना त्याला एवढ्यात भागतं.
चढताना ते जास्त मागतं, आणि वाट अरुंद.

आहे त्यात भागवणं,
मला वाटायचं, हे घरात मी एकटीच करते.

आता पर्समध्ये लाल टोपणाचा स्प्रे.
आधी बसायचं. मग जीभ उचलून एक फवारा.
डोकं भणभणतं, कानशिलं तापतात.
पाच मिनिटं. नाही थांबलं, तर दुसरा.
आणखी पाच. तरीही नाही,
तर नऊ नऊ नऊ.
ऋजुताला फोनवर पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.
ती म्हणाली, आई, आणि काही न करता,
बसल्या जागीच दुखलं तर?
तर पाढा म्हणत बसायचं नाही, सरळ फोन.
लीड्समधली तिची किटली
खट्कन बंद झालेली मला ऐकू आली.

चढणीच्या मध्यावर एक बाक आहे.
पितळी पट्टीवर कोरलंय:
मेव्हिस ब्रॅमॉल. हिला ही चढण मुळीच आवडत नसे.
सव्वीस वर्षं मी त्याच्यावरून गेले,
दोन्ही हातांत पिशव्या,
बसलं की म्हातारपण लागतं म्हणून.

आज बसले.
खाली बंद भट्ट्यांची छपरं, ट्रामचा दिवा.
कुत्रं ओढत नेणारा बॅरी थबकला,
'ऑल राइट, लव्ह?'
नुसती बघत बसलेय, म्हटलं.
जिभेखाली काहीतरी कडसर,
पिशवीत एकच कोबी.

मेव्हिस, जरा सरकून बस.