रबरबँड

स्क्रँटनमधलं हे घर घेतलं तेव्हा
टबाला काचेच्या तीन चाव्या होत्या, आठ पैलूंच्या.
मधली फिरवली की पाणी कुरकुरत वर शॉवरला चढायचं.
गरमच्या चावीला रबरबँडचे चार वेढे.
मी ते पहिल्याच दिवशी कापून टाकले.

या हिवाळ्यात उल्काची बोटं सुजली.
साबणाच्या हाताखाली चावी नुसती निसटते.
"अहो, जरा बंद करता का?"
तीस वर्षांत आतून आलेली
ही पहिलीच हाक.

दुकानातला रेमंड म्हणाला, ही कंपनी बुडून जमाना झाला.
तरी त्याने डब्यांमागून डबे उपसले,
आटे नखाने मोजले.

घरचं पाणी बंद केलं. स्क्रू हलेना.
क्षाराने दात रोवले होते. व्हिनेगर ओतलं, थांबलो,
पुन्हा ओतलं. आई असती तर चिंच लाव म्हणाली असती.
शेवटी चावी निघाली ती दुभंगूनच.
मागच्या खोबणीत
घरंगळून अडकलेला एक जुना रबरबँड,
वितळून चिकटलेला,
त्याखाली त्याहून जुना.

आधीची मालकीण, मिसेस वॉयचिक,
सही करताना पेन मुठीत धरून बसली होती.
मी घड्याळ बघत होतो.

नव्या चाव्या लांब दांड्याच्या.
उल्का कोपराने ढकलते, कोपरानेच बंद करते.
मंगळवारपासून हाक नाही.
मी दाराबाहेर टॉवेल घेऊन
उगाच घोटाळतो.