वही

माझा आजा वही गायचा, रात्रभर, थाळीच्या ठोक्यावर.
मी वही ठेवतो. शंभर पानी,
पुठ्ठ्यावर दोंडाईच्याच्या मिरची-आडतीचा शिक्का.
पहिल्या पानावर वाकडं लिहिलंय :
हिलाल निंबा भोई, बेंजो,
बाकी जमेल ते.

वैशाखात वही जाड होते.
नरडाण्याची हळद, साडेतीन हजार,
त्यात बेबाबाईंचा गळा, सुपडूची ढोलकी, रिक्षाचं डिझेल.
उरतं ते सकाळी स्टँडवर
पोह्यांच्या वाफेत मोजतो.
ओवाळलेल्या दहाच्या नोटा पिवळ्या असतात,
पंपावरचा पोरगा हुंगून विचारतो,
कुठलं लग्न?

आषाढात पानं कोरी.
तेव्हा नुसता आवाज विकतो.
गाडीवाल्याला "सावद्याची केळी, गोऽड केळी" भरून दिलं,
दोनशे रुपये, एकदाच. गल्लीत अजून
मीच ओरडत फिरतो, आणि आई म्हणते,
घसा बसला का रे तुझा?
सोनगिरे सरांच्या मुलीला पेटी शिकवतो.
तिला एकच गाणं हवंय, तेही सिनेमातलं.
झुलाल आप्पांना निवडणुकीची चाल लावून दिली,
पंधराशे ठरले. आप्पा पडले.
पडलेल्या माणसाकडं पैसे मागायला
गळा वेगळा लागतो.

एक गाणं मात्र माझं आहे.
फाटक बंद होतं, मालगाडी संपता संपेना,
डबे मोजायचं सोडून दिलं तेव्हा सुचलं :
*पितळना घंगाळमा चांद बुडना.*
धुळ्यात एका खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
तासाला चारशे,
बेबाबाईंनी दुसऱ्याच खेपेला सोडलं ते वर.
शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, तीही आत राहिली.
नीट ऐकाल तर सापडेल.

नेटवर टाकलं.
उधन्याच्या कुणा पोरानं खाली ठोका भरला,
वर स्वतःचा गॉगलातला फोटो.
त्याचे सहा लाख झाले, माझे नऊशे बारा.
माझ्या नावे एकवीस रुपये जमा आहेत म्हणे,
पण इतके थोडे ते पाठवत नाहीत.
कुठल्याशा थंड, काचेच्या घरात
बसले असतील ते एकवीस,
पाहुण्यासारखे, चप्पल न काढता.

चिमठाण्याच्या लग्नात
नवरदेवाचा मामा पुढं आला, हात वर :
थांबा बेंजोवाले, आता ओरिजनल लागणार.
डीजेची गाडी थरथरली
आणि माझंच गाणं
माझ्या छातीत बुक्क्या मारू लागलं.
मी वायर गुंडाळत बसलो.
बेबाबाई पदर खोचून नाचून आल्या,
घाम पुसत म्हणाल्या,
कुकर काढून टाकला रे त्यानं.

श्रावणात गेलो आप्पांकडं, ते पंधराशे मागायला.
वाटभर वाक्य जुळवत होतो.
दारात पोचलो तर कानबाई बसलेली,
घरभर बाया, नथी, फुलोऱ्याचा तळकट वास,
आणि सगळ्या मिळून, ठोक्याशिवाय,
*घंगाळमा चांद बुडना.*
दोन कडवी जास्तीची होती. मी न लिहिलेली.
चांगली होती.

कुणाचं हो हे गाणं? मी विचारलं.
आप्पांच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं कुणी विचारावं, तापी कुणाची.
"हाई तं जुनं शे, भाऊ. मनी मोठमाय म्हने."

सांगावंसं वाटलं : फाटक, मालगाडी, चारशे रुपये तास.
तोंडापर्यंत आलं.
तेवढ्यात म्हातारीनं हातावर रोट ठेवला.
कानबाईचा रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत.
हे तिला माहीत होतं. मलाही.

पैशांचं राहूनच गेलं.
रात्री वही उघडली, तारीख घातली,
जमेच्या बाजूला लिहिलं :
रोट, एक.
पैकी अर्धा बेबाबाईंचा.