कर्ता गळतो

लोरियाँच्या मासळीच्या धक्क्यावर
पहाटे तीनला त्सेगाय आधीच शिकला होता:
पोर्त, उचल. लाव, धू.
देपेश-त्वा, आटप मेल्या.

संध्याकाळच्या वर्गात ओदीलबाई
फळ्यावरचा 'तू' पुसतात.
"आज्ञार्थात कर्ता गळतो."
त्याला ठाऊक होतं.

"'वा' म्हणजे जा. शेवटचा एस गेला.
पण पुढे 'ई' आलं, म्हणजे 'तिथे',
की तो परततो: वाज़-ई.
जा, कर, भिऊ नकोस."
खवले चिकटल्या बोटांनी
तो वहीत उतरवतो
परत येणारं ते एकच अक्षर.

नऊला हीटर बंद.
बाई कोट चढवतात: "पार्तों."
हे रूप त्याच्याशी कुणी वापरलं नव्हतं.
निघू या.
तो आपली खुर्ची टेबलावर उलटी ठेवतो,
मग बाईंची.