अर्धी पाटी

तामालेच्या बसतळाशी, कडुनिंबाखाली
मावशीनं बाजरीच्या लापशीचं पातेलं मांडलं
तेव्हा वहीत रकाने मी आखले:
बाजरी. आलं-लवंग. साखर. कोळसा.
आणि कडेला, नुकत्या शिकलेल्या ऐटीत,
जाहिरात.

"तिथं काय लिहायचं?"
"उरेल ते."
उरले चाळीस सेडी.

वुम्पिनी पेंटर अक्षरामागे दहा घ्यायचा.
उधार नाही, घासाघीस नाही,
कानामात्रा मात्र फुकट.
लाल रंगात त्यानं चार अक्षरं काढली,
सनातूची
आणि ब्रश पुसून निघून गेला.

मी दिवसभर रडकुंडीला.
सनातूची काय? गाय? सासू?
ट्रकवाले हेच विचारत खाली उतरले.
मावशी बोलायची नाही,
पळीभर ओतून हातावर ठेवायची.
चाखून झालं की माणूस वाडगा मागायचाच,
म्हणजे, दहातले सहा.
चार नुसतेच ओठ पुसत गेले.

रात्री प्रश्न पडला:
फुकट गेलेल्या पळ्या बाजरीत धरू
की कडेच्या रकान्यात?
"कडेला," मावशी म्हणाली, "पण मोजून.
दिवसाला तीस. एकतिसावी माझ्या पोटातली."

दोन महिन्यांनी वुम्पिनी आला,
शिडी, डबा, उरलेली तीन अक्षरं घेऊन.
मावशीनं त्याला वाडगा दिला,
पैसे घेतले,
आणि पाटीला हात लावू दिला नाही.

त्या तीस सेडींचं तिनं झाकण आणलं.
पहिलं हरमाटनच्या वाऱ्यानं नेलं होतं.
वाऱ्यासाठी रकाना
मी आखलाच नव्हता.