दोन्ही बाजू

खोका क्रमांक सात.
रद्द झालेल्या जकात पावत्या, सुतळीत गच्च,
सुतळीला अजून सुकटीचा वास.

एका बाजूला: काथ्या, बारा गठ्ठे, गाडी रत्नागिरीची,
वेळ पहाटे तीन वीस, ठाणे नाका,
सही दामाजी म. भोईर, कारकून.
उलटलं की
एक चिंबोरी शाळेत नाव घालायला आलेली.
गुरुजी विचारतात, सरळ चालता येतं?
ती म्हणते, येतं की. तुम्ही जरा आडवे व्हा.

आमच्या नोंदवहीत रकाना एकच: ‘पुढील बाजू’.
कोणती लिहू?
महापालिकेला विचारलं तर काथ्या.

मंजुळाबाई, त्यांची थोरली, कळव्याहून रिक्षाने आल्या,
दोन खोके पायाशी, एक मांडीवर.
‘बाबांची कायम रातपाळी,’ म्हणाल्या,
‘गोष्ट आम्हाला सकाळी मिळायची, दात घासता घासता.
लोकांची पोरं गोष्ट ऐकून झोपायची,
आम्ही उठायचो.’
मग पोच घेण्यासाठी थांबल्या.
मी शिक्का मारून दिली.
त्यांनी ती उलटून पाहिली.
कोरी होती.

छापलेलं पुस्तक एकच, बत्तीस पानी, पुण्यात निघालेलं.
त्याची मुद्रितं खोका तीनमध्ये:
लाल शाईने चिंबोरी खोडून ‘खेकडा’ केलेला, सगळीकडे,
आणि समासात शिसपेन्सिलीने, बारीक,
‘साहेब, मग ती मुलगी राहत नाही.’

पुस्तकात खेकडाच आहे.

वाशिंदहून कुणा सहावीतल्या मुलीचं कार्ड,
शाई पाण्यात फुटलेली:
तो खेकडा शेवटी पास झाला का?
उत्तराची नक्कल कार्बन लावून ठेवलीय त्यांनी.
‘झाली.
गणितात काठावर.’

खाली जांभळी नाक्यावर हातगाड्यांच्या ताडपत्र्या आवळतायत.
जकात बंद झाली तेव्हा त्यांच्या चौकीचा पत्रासुद्धा
भंगारात गेला म्हणे, किलोवर.
सहा वाजले. ग्रंथपाल किल्ल्या वाजवतायत.
मी वही आडवी धरली
आणि रकान्याची रेघ ओलांडून लिहीत गेले, पार कडेपर्यंत:
चिंबोरी. स्त्री. वय सहा. राहणार कळवा खाडी.

काथ्याची नोंद मागे.