चौथ्या पानावरचं दुकान

वूच म्हणजे होडी.
नदी म्हणाल तर गिरण्यांनी कधीच गाडली जमिनीखाली.
या कोरड्या होडीत बसून चव्वेचाळीस वर्षं
मी शिलाईच्या मशिनी दुरुस्त करते.
दार मागच्या अंगणात उघडतं, पाटी रस्त्यावरून दिसत नाही,
आणि आता म्हणे मी इंटरनेटवरही दिसत नाही.

"मावशी, तू चौथ्या पानावर आहेस,"
कास्यान स्टुलावरून सांगतो.
चौथं पान म्हणजे रे काय?
"जिथं कुणी येत नाही."
म्हणजे आपलं अंगणच की.

साइट झेनोबियुशनं केलेली,
गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
माथ्यावर, ठळक, मधोमध:
'अचूक यांत्रिकीची परंपरा'.
भाचा म्हणतो, हे कोण शोधतं?
रात्री अकराला, मांडीवर अर्धा शिवलेला पडदा,
सकाळी द्यायचाय,
तेव्हा कोण टाइप करतं अचूक, कोण परंपरा?
मी गप्प.
ते वाक्य त्यानं तीन दिवस घासलं होतं,
खालचा ओठ दाताखाली धरून,
जसा तो बॉबिनचा बारीक स्क्रू पिळायचा.

आधी आम्ही चुकीचा रस्ता धरला.
ओळीओळीत कोंबलं 'वूचमध्ये दुरुस्ती',
एका पानावर एकोणीस वेळा,
भरतकामात एकच फूल भरत सुटावं तसं.
आमच्या भाषेत 'वूचमध्ये दुरुस्ती' आणि 'होडीची दुरुस्ती'
यांच्यात जेमतेम एक अक्षर.
तिसऱ्या दिवशी फोन आला, उत्तरेकडच्या तळ्यांवरून:
बाई, तळाला चीर गेलीय, किती घ्याल?
म्हटलं, कापडाची असेल तर आणा.

मग मी वह्या काढल्या.
बिघाड काय होता ते नाही,
गिऱ्हाईक काय म्हणालं ते लिहायची माझी खोड.
टाका सोडते.
जाड कापड आलं की रडते.
सुई मोडते, पण फक्त माझ्या नणंदेच्या हाताखाली.
पहिल्या नवऱ्यानं दिलेली आहे, तरी मशीन चांगली आहे.
खाली दोऱ्याचं घरटं होतं.
कास्यान वाचत राहिला, त्याचा चहा निवला.
"मावशी, लोक हेच तर टाइप करतात."

एकेका तक्रारीचं एकेक पान झालं.
उत्तरं मी बोलले, त्यानं उतरवली,
मध्येच म्हणायचा, सोपं कर, मला कळलं नाही.
नकाशावर आमची खूण ट्रामच्या डेपोत उभी होती,
ती ओढून अंगणात आणली.
जुना फोन नंबर सात ठिकाणी पडून होता,
तो एकेका ठिकाणी जाऊन उचलला.
मग वाट.
"ते यंत्र रात्री येऊन वाचून जातं,
दारही वाजवत नाही," भाचा म्हणाला.
मला ठाऊक आहे त्याचा काही उपयोग नाही,
तरी नोव्हेंबरभर मी अंगणातला दिवा चालू ठेवला.

फेब्रुवारीत दारिना आली,
खारकिव्हहून आलेली, बेकरीच्या रात्रपाळीची,
मशीन मुलाच्या बाबागाडीत, मूल कडेवर.
बोलायला अजून अडखळते, म्हणून फोनच पुढे धरला.
तिनं टाइप केलेलं: मशीन खाली दोऱ्याचं घरटं करते.
शब्द पेलागियाबाईंचे, वही ब्याण्णवची.
बाई तर आता नाहीत.
मी वरचा दोरा पुन्हा ओवला,
त्या वरखाली हलणाऱ्या दांडीच्या डोळ्यातून,
जिथून तो हमखास निसटतो.
दोन मिनिटं.
पैसे घेतले नाहीत, तिनं सुयांचं पाकीट विकत घेतलं.

आता आम्ही पहिल्या पानावर, कधी तिसरे, कधी सहावे.
कास्याननं जुना मजकूर पुसायला घेतला तेव्हा
मी त्याचं मनगट धरलं.
तर ते वाक्य आहे अजून, अगदी तळाला, वेगळ्या पानावर,
करड्या बारीक अक्षरांत.
आकडे बघून तो म्हणतो,
त्या पानावर रोज रात्री एकच जण येतं, मावशी,
आणि ते आपल्याच दुकानातून येतं.