कोनाडा

पिरेनीजच्या उतारावर, उसेत गावच्या चॅपलात
एक कोनाडा आहे. रिकामा.
ओरोसिया दर शनिवारी तो पुसते.

शेवटच्या जेवणातला तो प्याला
इथंच होता म्हणतात.
मूर आले तेव्हा लपवला, की फ्रेंच आले तेव्हा,
यावरून मेंढपाळांत अजून जुंपते.

सारागोसाहून एक बाई आल्या, भिंग घेऊन.
दगडावर गोल डाग, प्याल्याच्या बुडाएवढा.
बराच वेळ बघून म्हणाल्या, "तेल आहे. दिव्याचं."
आणि मग, नजर चुकवत, "माफ करा."

ओरोसिया हसली.
"ठाऊक आहे मला. दिवा माझ्या आईचा.
बाबा खिंडीपलीकडून परतेपर्यंत
विझू द्यायचा नाही म्हणायची.
एकोणीस वर्षं तेवला."

बाई वहीत काही लिहिणार होत्या.
लिहिलं नाही.
"मग तो प्याला? होता का कधी?"

"कोण जाणे. सुताराच्या पोराचा,
म्हणजे लाकडीच असणार.
थंडीत कुणीतरी केव्हाच चुलीत सारला असेल.
त्याला चाललं असतं."

मग तिनं फडकं पिळलं
आणि कडेकडेनं,
डाग तेवढा सोडून,
बाकीचा दगड पुसून घेतला.